तयार केलेले हात

१२ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. गाडी वेळेवर होती आणि शेजारची बाई झोपाळू होती, त्यामुळे कोणाशी बोलावं लागलं नाही. मामीला सांगा, तिने विणलेल्या स्वेटरच्या बाह्या इंचभर लांब झाल्या आहेत आणि मला त्या तशाच हव्या आहेत. बोटं झाकली जातात.

पत्र छापील आहे म्हणून रागावू नका. फोन का केला नाही, असंही विचाराल. फोनवर तुमचा एक कान माझ्याकडे असतो आणि दुसरा दवाखान्याच्या दाराकडे, आणि मला जे विचारायचं आहे ते एका कानाला विचारण्यासारखं नाही.

निघताना मामीने बरणीचा विषय काढलाच. तुमच्याकडची ती निळ्या झाकणाची बरणी शाळेत असल्यापासून मीच उघडत आले. या वेळी मी ती मुकाट्याने तुमच्यापुढे सरकवली, ते तिने पाहिलं. तिच्या मते एकटी राहून मी आळशी झाले आहे. तसं नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून सकाळी माझी बोटं धरतात. कारण उघड आहे, कामच तसं आहे. दिवसभर माझ्या हातात स्लिप गेज असतात, म्हणजे आरशासारखे घासलेले पोलादाचे लहान ठोकळे. एक दुसऱ्यावर दाबून, किंचित फिरवत सरकवला की दोन्ही चिकटतात, आणि अशा चळतीवरून सगळ्या कारखान्याची मापं तपासली जातात. तो दाब बोटांनीच द्यावा लागतो.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवून झालं आहे. बाई शांत आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी हात पाहिले, रक्त तपासायला पाठवलं. संधिवाताची चाचणी नकारात्मक आली. दाह दाखवणारा आकडाही मर्यादेत आहे. कामाचा ताण आहे, एप्रिलमध्ये पुन्हा या, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तो विषय संपला.

आता मुद्दा. फेब्रुवारीअखेर माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. परीक्षकासमोर चळत स्वतःच्या हाताने रचायची आणि मोजून दाखवायची. पास झाले तर मापनाच्या दाखल्यांवर माझी सही चालेल. आज मोजते मी आणि सही दुसऱ्याची असते. परीक्षा सकाळी आहे, अडचण तेवढीच. इथल्या एका लेथवाल्याचा हात असाच धरला होता. त्याला कोणीतरी छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, स्टिरॉइडच्या, आणि दुसऱ्या दिवशी तो मोकळा झाला. परीक्षेपुरत्या तेवढ्या तुम्ही मला लिहून द्याल का?

मामीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवल्यास तक्रार नाही.

आपली,
भाची


१७ जानेवारी

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं छापील पत्र हातात आलं तेव्हा मला वाटलं विजेचं बिल आहे. मामी म्हणाली, बिलात निदान आभार तरी मानलेले असतात.

आधी गोळ्यांचं. नाही. भाची आहेस म्हणून नाही म्हणतो असं समजू नकोस. रस्त्यावरून आलेल्या अनोळखी पेशंटलाही मी नाहीच म्हटलं असतं. त्या गोळ्या वाईट नाहीत, पण त्यांची वेळ नंतरची. त्या घेतल्या की सूज दबते, दुखणं दबतं आणि मागून पाहायला बसणाऱ्या डॉक्टरला काहीच दिसत नाही. मोजायला आणलेल्या भागावर कोणी आधीच रंग फासून आणला तर तू त्याला दारातून परत पाठवशील. मीही तेच करतो आहे.

रक्त ठीक आहे हे वाचून मी निवांत झालो असेन असं तुला वाटत असेल. झालो नाही. उलट चष्मा शोधला. मला काही साध्या गोष्टी कळव. सकाळी बोटं धरतात ती किती वेळ? उठून चहा होईपर्यंत, की कामावर पोचेपर्यंत? नेमके कुठले सांधे? एकाच हाताचे की दोन्ही? पाय कसे आहेत, जमिनीवर पहिलं पाऊल टाकताना काय होतं? आणि एक विचित्र प्रश्न. डॉक्टरबाईंना तू दिवसाच्या कुठल्या वेळी भेटलीस, आणि जाण्याआधी काय काय केलंस? सगळं लिही. तुला अगदी बिनमहत्त्वाचं वाटेल तेही.

बरणी तू सरकवलीस ते मीही पाहिलं होतं. मीच उघडली आणि मोठ्या ऐटीत मामीकडे पाहिलं. तुझ्या हातांकडे पाहायला हवं होतं.

ता. क. हे मामीचं अक्षर. आळशी म्हणाले ते मागे घेते. लांब बाह्यांचं कौतुक मात्र मला पटलेलं नाही. मी मापानेच विणला होता, तूच हात आत ओढून घेतेस. तीनदा पाहिलं मी.

आमची माया गृहीत धर, पण उत्तर धाडायला विसरू नकोस.

तुझा,
मामा


२३ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गोळ्या नाहीत हे समजलं. परीक्षा माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. विचारलं आहे म्हणून, गरज वाटते म्हणून नाही.

सकाळी मूठ मिटत नाही. चहा होतो, अंघोळ होते, बसमध्ये अर्धा रस्ता जातो, तेव्हा कुठे बोटं ऐकायला लागतात. तासाच्या आत हे कधी होत नाही. दुपारनंतर बरं असतं. दोन्ही हात सारखेच. मूठ वळल्यावर जी उंचवट्यांची रांग दिसते, तिथले सांधे आणि त्यांच्या पुढचे. पायांचं मी बाईंना सांगितलं नव्हतं, कारण पायांनी मी ठोकळे सरकवत नाही. सकाळी चवड्यांखाली खडी पसरली आहे असं वाटतं. सपाता बदलून पाहिल्या.

बाईंना मी दोन वेळा भेटले, दोन्ही वेळा कामाची पाळी संपल्यावर संध्याकाळी. जाण्याआधी जे कोणीही करील तेच केलं. आमच्याकडे कुठलाही भाग मोजायला न्यायचा तर आधी पुसतात आणि खोलीच्या तापमानाला येऊ देतात. गरम किंवा तेलकट भाग मोजला तर माप खोटं येतं. म्हणून मी प्रसाधनगृहात हात गरम पाण्यात धरले, नीट कोरडे केले, दुपारीच एक वेदनाशामक गोळी घेतली होती, आणि हात अगदी शांत झाल्यावर आत गेले. मला तिथे कण्हत बसायचं नव्हतं. जे आहे ते स्थिरपणे सांगायचं होतं. त्यांनी बोटं वाकवायला सांगितली, मी वाकवली.

आणि रिपोर्टचं काय? आमच्याकडे भोक तपासायला गो-नोगो गेज असतं. त्याचं एक टोक आत शिरलं आणि दुसरं शिरलं नाही की भाग पास. त्यावर कोणी चर्चा करत नाही. रक्ताची चाचणी नकारात्मक आली आहे. ती मानायची नसेल तर करायची कशाला, हे मला समजलेलं नाही. आणि अशा रिपोर्टवर बाई मला तज्ज्ञाकडे पाठवतील कशाला? तिथली रांग मोठी असते असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

आईला यातलं काही कळवू नये, ही विनंती.

लोभ कमी झाला असल्यास तसं कळवावं, म्हणजे अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आपली,
भाची


२८ जानेवारी

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद. लोभ जागच्या जागी आहे.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. गरम पाण्याचा भाग आला तेव्हा ती हातातलं विणकाम ठेवून म्हणाली की ही पोरगी दुखणं इस्त्री करून घेऊन गेली. याहून चांगलं मला लिहिता येणार नाही.

अगं, भाग पुसून, निववून मोजतात ते त्याचं खरं माप कळावं म्हणून. तुझ्या हातांचं खरं माप सकाळचं आहे. गरम पाण्याने आणि गोळीने तू ते पुसून टाकलंस आणि मग बाईंना म्हणालीस, आता मोजा. त्यांना दोष देऊ नकोस. त्यांच्यासमोर वाकणारी बोटं होती आणि हातात स्वच्छ रिपोर्ट होता. पण असे तयार केलेले हात दाखवायचं फक्त तुलाच सुचू शकतं.

आता रिपोर्टबद्दल. ही चाचणी तुझं गो-नोगो गेज नाही. हा आजार असलेल्या कितीतरी लोकांत ती नकारात्मकच येते, सुरुवातीला तर जास्तच. सकारात्मक आली तर मदत होते. नाही आली तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून माझ्यासारख्या दारात बसलेल्या डॉक्टरने रिपोर्टची वाट पाहत पेशंटला अडवून ठेवायचं नसतं. सांधे सुजलेले आहेत, मार लागलेला नाही, दुसरं कारण सापडत नाही आणि सूज हटत नाही, एवढं दिसलं की पुढे पाठवायचं. हातापायाचे लहान सांधे असतील तर लगेच. एकाहून जास्त सांधे असतील तरी लगेच. दुखणं सुरू होऊन तीन महिने होत आले असतील तर कालच पाठवायला हवं होतं. यातलं एक कारणही पुरतं, आणि तुझ्याकडे सगळी आहेत. आजाराचं नाव ठरवणं तज्ज्ञाचं काम. माझं काम एवढंच, की शंका आली तर ती खिशात ठेवायची नाही.

रांगेची काळजी तू करू नकोस. रांग तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

घाई का, ते एकदाच लिहितो. सूज बराच काळ राहिली की सांध्याचं हाड कुरतडलं जातं, आणि ते पुन्हा भरून येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत औषध सुरू झालं तर बहुतेकांचे हात हातच राहतात. तू परीक्षेसाठी हात वाचवायला निघाली आहेस. मला ते पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी हवे आहेत.

तर असं कर. सकाळी दवाखाना उघडताच जा. गरम पाणी नाही, गोळी नाही. उठल्यावर जसे असतील तसे हात घेऊन जा. पायांचंही सांग. सांध्यांच्या रांगेवर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहा, असं बाईंना म्हण. मी त्यांना परस्पर लिहिणार नाही, ते बरं दिसत नाही. आणि तुला तोंड आहे.

तुझ्या आईला मी सांगणार नाही. पण ती माझी बहीण आहे आणि तिला वासावरून कळतं. लवकर सांग.

वाट पाहतो आहे. माया आहे, धीर कमी आहे.

तुझा,
मामा


६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गेले होते.

गरम पाण्याला हात लावला नाही. केस बांधता आले नाहीत म्हणून मोकळेच सोडून गेले. फाटकावरच्या रखवालदाराने मला ओळखलं नाही आणि ओळखपत्र मागितलं. ते पिशवीतून काढायला मला इतका वेळ लागला की शेवटी त्यानेच काढून पाहिलं आणि परत आत ठेवलं. चेनही त्यानेच लावली. मला ते फार लागलं.

बाई म्हणाल्या की तुमची तारीख तर एप्रिलची आहे. मी म्हटलं, मागच्या दोन्ही वेळी मी तुम्हाला चुकीचा नमुना दाखवला. त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, गरम पाण्यासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. मूठ करा म्हणाल्या. मी केली, म्हणजे जेवढी झाली तेवढी. सांध्यांवर दाबून पाहा, असं मी म्हटलं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांध्यांच्या रांगेवर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं. मी खुर्चीतून उठले. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, हे रोज सकाळी होतं का? मी हो म्हटलं. मग आधी बोलला का नाहीत, असं त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या की तेही खरं आहे, पण तुम्हीही अंगावर टाके घालून घेत असल्यासारख्या ओठ मिटून बसला होतात. मग मोजे काढायला लावले आणि चवड्यांवरही तसंच दाबून पाहिलं. ते मी वर्णन करत नाही.

मी विचारलं, आता रक्त पुन्हा तपासायचं का? त्या म्हणाल्या, तपासू, पण त्यासाठी थांबणार नाही. मी मोजे चढवत होते तेवढ्यात त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, वर 'तातडीचे' असं लिहून खाली रेघ मारली, आणि माझ्यासमोर फोन करून तारीख मागितली. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. तुमच्या घरच्या डॉक्टरांना नमस्कार सांगा म्हणाल्या. तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. पण सांध्यांवर दाबून पाहा असं पेशंट आपणहून म्हणत नाही, हे त्यांना कळलं असावं.

परीक्षेचंही सांगून टाकते. मी विभागप्रमुखांकडे गेले आणि या खेपेला बसत नाही म्हणून सांगितलं. माझ्या जागी दुसऱ्याला बसवतील, ही धास्ती होती. ती गोळ्या मागताना तुम्हाला लिहिली नव्हती. ते म्हणाले, तुमच्या मोजमापात आजवर चूक निघालेली नाही, तेव्हा हात बरे करून या, परीक्षक जूनमध्ये परत येतो. एवढंच बोलून त्यांनी समोरचा कागद ओढला. मी बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ उभी राहिले.

मागच्या पत्रातला माझा सूर बरा नव्हता. लोभ जागेवर असल्याचं कळवलंत, ते बरं केलंत.

आपली,
भाची


१४ फेब्रुवारी

चि. फुटपट्टी,
अनेक आशीर्वाद.

या खेपेला मामीच लिहिते आहे, कारण तुझ्या मामाला धड लिहिता येत नाही आणि धड गप्पही बसवत नाही. पोस्टमन दिसला की पेशंट सोडून दारात जातो. काल एका आजोबांनी वैतागून विचारलं की डॉक्टर, तुमचीच तब्येत बरी आहे ना.

तुझं पत्र वाचून त्याने चष्मा पुसला. काच स्वच्छच होती. मग मला म्हणाला की त्या बाई चांगल्या डॉक्टर आहेत. ज्याच्या त्याच्या चुका काढणारा माणूस, त्याच्या तोंडून हे ऐकून मी भिंतीला टेकले.

तू लहान असताना तुला दुखलं की तू कपाटामागे जाऊन उभी राहायचीस आणि थांबलं की बाहेर यायचीस. आम्हाला वाटायचं, काय शहाणी पोर आहे. आम्हीच डोक्यावर चढवलं तुझं ते शहाणपण. आता मात्र दुखत असताना बाहेर येत जा.

बरणी भरून ठेवली आहे. झाकण मीच घट्ट लावलं आहे, मुद्दाम. मामाला हात लावू देत नाही.

स्वेटर धुताना पिळू नकोस. आणि आमच्यावरचा जीव जरा उघड्यावर ठेव.

तुझी,
मामी


१८ मार्च

ती. मामास आणि सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र, कारण एकाला लिहिलं तरी दोघं वाचता.

सांध्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं. उंच गृहस्थ आहेत. बोलताना माझ्या तोंडाकडे पाहत नाहीत, हातांकडे पाहतात. मला ते सोयीचं वाटलं. त्यांनी सोनोग्राफीच्या यंत्राने सांधे दाखवले. पडद्यावर सांध्याभोवती दाह लाल ठिपक्यांनी चमकत होता. एवढे महिने मी ज्याला कामाचा ताण म्हणत होते ते मला डोळ्यांनी दिसलं. नंतर क्ष-किरण फोटो काढला. हाडं शाबूत आहेत. कुठेही कुरतडलेलं नाही. त्यांनी तो फोटो उजेडावर धरला, तेव्हा मी प्रत्येक कड स्वतः तपासली. त्यांनी तपासू दिली.

आजार संधिवाताचाच, तुम्हाला शंका आली होती तो. रक्तात न दिसणारा प्रकार. डॉक्टर म्हणाले, रक्तात दिसेपर्यंत थांबला असतात तर कदाचित थांबूनच राहिला असतात. वेळेवर आलात, असंही म्हणाले. हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली आहे, आणि ती चालू असेतो रक्ताची नियमित तपासणी. ती हळू लागू पडते, म्हणून मधल्या काळासाठी थोड्या दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या आहेत. मामा, त्या छोट्या आहेत आणि पांढऱ्या आहेत. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा.

आईला सांगितलं. तिने फोनवर आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक होतं आणि मला नाही, त्याला आता मी बघते. सावध राहा. परवा ती दोन पिशव्या घेऊन इथे आली आणि माझी सगळी भांडी तिने उतरंडीने लावली. माझी रचना वेगळी होती. मी काही बोलले नाही. काल सकाळी तिने माझे केस बांधून दिले, तेव्हाही बोलले नाही, पण ते वेगळ्या कारणाने.

डॉक्टरबाईंना क्ष-किरणांचं सांगायला मुद्दाम गेले. त्यांनी दाराबाहेर पाटी लावली आहे, की सांधेदुखीच्या पेशंटनी सकाळीच यावं आणि येण्याआधी दुखण्याची गोळी घेऊ नये. मी म्हटलं, त्यात गरम पाणीही घाला. त्या म्हणाल्या, ते तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

दोघांचा लोभ मला पुरतो आहे, तरी साठा ठेवावा.

आपली,
फुटपट्टी


२ जुलै

ती. मामास आणि सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

हे अक्षर माझंच आहे. शाई दोन ठिकाणी पसरली आहे, ती पेनची चूक.

परीक्षा झाली. चळत रचताना परीक्षक माझ्या खांद्यामागे उभा होता. शेवटचा ठोकळा ठेवला, दाबला, किंचित फिरवला, आणि तो चिकटला. चिकटताना बोटांना एक बारीक ओढ जाणवते. हिवाळाभर मला ती जाणवत नव्हती, आणि जाणवत नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. काल पहिल्या दाखल्यावर सही केली. विभागप्रमुखांनी ती जरा लांब धरून पाहिली आणि अक्षर बरं आहे म्हणाले.

आजार गेलेला नाही, गोळी चालू राहणार आहे. एखाद्या सकाळी बोटं अजून कुरकुरतात. पण मूठ मिटते. परवा फाटकावर मी ओळखपत्र काढून रखवालदाराच्या नाकासमोर धरलं. त्याने मागितलं नव्हतं. तो हसला.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून रविवारी पहाटे तुमच्या दारात उभी राहीन. मामी, बरणीला कोणालाही हात लावू देऊ नकोस, मामांना तर नाहीच. आल्या आल्या उघडीन. चहाच्या आधी, हात न धुता.

बाकी लोभ समक्ष.

तुमची,
फुटपट्टी